आठव्या हेन्रीचे यवतमाळातील बिऱ्हाड

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५०९ ते १५४७ या आपल्या कारकीर्दीत सहा राण्या केल्या. त्यांपैकी दोघींशी लागलेले लग्न हे लग्नच नव्हते असे ठरविले, दोघींचा शिरच्छेद करविला, एक बाळंतपणात दगावली आणि एक त्याला पुरून उरली, हे सर्व इतिहासप्रसिद्ध आहे. परंतु या सहांपैकी एकीच्याही शोधार्थ त्याला भर वैशाखात यवतमाळच्या मेन लाईनमधली खेळण्यांची दुकाने पालथी घालावी लागली नव्हती, ही गोष्ट एकाही इंग्रज इतिहासकाराने नमूद केलेली माझ्या वाचनात नाही. त्याला राण्या घरपोच मिळत. नॉरफोकच्या ड्यूकने तर एक भाची आणि एक पुतणी अशा घरातल्या दोन मुली त्याच्या पदरात टाकल्या, आणि दोघींची मस्तके उडाल्यावरही स्वतःची मान शाबूत राखली. मला मात्र दुकानाच्या पायरीवरच जबानी द्यावी लागे.

"पोरगी केवढी हाय जी?"

"पाचशे वर्षांच्या पुढची."

"मंग मोठ्या साइजमधली दाखवतो," असे म्हणून तो गृहस्थ शांतपणे शिडीवर चढे. गिऱ्हाइकाच्या बोलण्याचे नवल वाटून न घेणे हा व्यापाराचा पहिला नियम यवतमाळात कसोशीने पाळला जातो.

हा नाद मला कसा जडला त्याचा खुलासा करणे अवश्य आहे. हयातीचा मोठा भाग मी महसूल खात्याच्या रेकॉर्डखोलीत काढला. ज्याने आयुष्यभर फेरफारांच्या नोंदवह्या, वारसतपासाचे जबाब, पंचनामे आणि हरकतीचे अर्ज चाळले आहेत त्याला साऱ्या युरोपच्या इतिहासात ट्यूडर घराण्याइतके घरचे दुसरे काही वाटणार नाही. सेवानिवृत्तीनंतर रद्दीत हाती लागलेले एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दुपारच्या झोपेची पूर्वतयारी म्हणून मी उघडले, आणि १५३४ सालच्या वारसाहक्काच्या कायद्यापाशी येताच ताठ बसलो. थोरल्या राणीची मुलगी मेरी हिचे नाव कमी करून दुसरीची मुलगी एलिझाबेथ हिचे नाव दाखल, असा तो फेरफार होता. १५३६ साली एलिझाबेथचेही नाव कमी. १५४४ साली दोघींची नावे पुन्हा दाखल, मात्र दोघी औरस नव्हेत हा शेरा कायम! असली मिसल आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या एखाद्या देशमुखी वाड्यातून निघाली असती तर मी ती डोळे मिटून वाचली असती. ती लंडनच्या पार्लमेंटातून निघाली, एवढाच काय तो फरक.

त्या दिवसापासून ते घराणे माझ्या डोक्यात बिऱ्हाड करून राहिले. परंतु तीन कॅथरिन, दोन ॲन आणि एक जेन यांचा हिशेब तोंडपाठ ठेवणे साठी उलटलेल्या माणसाच्या आवाक्यातले नव्हे. जेवताना मी एकीच्या काडीमोडाची हकिकत सुरू करीत असे आणि ताक येईपर्यंत दुसरीचाच शिरच्छेद झालेला असे. "यांना एकदा समोर ओळीने उभ्या करा, म्हणजे तुमचा घोळ तरी मिटेल," असे आमच्या सौभाग्यवती वैतागून म्हणाल्या. वैतागून बोललेल्या वाक्याचा सनदेप्रमाणे उपयोग करता येतो हे मी नोकरीत शिकलो होतो. दुसऱ्याच दिवशी मी बाजारात होतो.

पुढे जेव्हा कपाटातील पितळेची भांडी माळ्यावर गेली आणि त्यांच्या जागी राजकुळाची स्थापना होऊ लागली, तेव्हा मला पूर्वसूरींचे दाखले द्यावे लागले. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळई यांनी हंगेरीच्या एका बाहुलीपासून आरंभ करून १९६५ साली बाहुल्यांचे अख्खे संग्रहालय उभे केले, त्यात आज सहा हजारांहून अधिक बाहुल्या आहेत, असे मी सांगितले.

"त्यांना सरकारी इमारत होती," सौभाग्यवती म्हणाल्या.

मग मी पुण्याचे दिनकर केळकर काढले. त्यांनी दिवे, अडकित्ते, बाहुल्या, जे दिसेल ते गावोगाव फिरून जमविले, पत्नीचे दागिने मोडण्यापर्यंत मजल गेली असे म्हणतात, आणि—

"आणि अखेरीस सगळं शासनाला देऊन टाकलं, १९७५ साली. वाचलंय मी. तुम्हीही द्या."

दागिन्यांचा उल्लेख मी करावयास नको होता, असे मला तिच्या चेहऱ्यावरून तत्काळ समजले. कारण त्या रात्री कपाटाची नव्हे, पण लोखंडी पेटीची किल्ली जागेवरून हलली.

वास्तविक हा सगळा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. इंग्लंडात वेस्टन-सुपर-मेअर या गावी पेगी निस्बेट नावाच्या बाईंनी १९५३ च्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने राणीची बाहुली केली आणि पुढे त्या उद्योगातून ऐतिहासिक पोशाखांच्या बाहुल्यांची दौलत उभी राहिली. हेन्री आणि त्याच्या सहाही राण्या त्यात होत्या. तिकडे असलेल्या भाच्याला मी एक सविस्तर पत्र घातले. त्याने उलटटपाली किंमत कळविली. पौंडांचे रुपये करून होताच स्वदेशीचे तत्त्व मला एकाएकी पटले.

स्वदेशीत पहिली अडचण चेहऱ्यांची आली. बाजारात मिळणारी प्रत्येक बाहुली सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची आणि दंतमंजनाच्या जाहिरातीत शोभावी अशी हसतमुख असते. नवऱ्याने वीस वर्षांहून अधिक संसार करून 'तू माझी बायको नव्हेसच' असे सांगितलेली आरागॉनची कॅथरिन हसते. कापायला उभी केलेली ॲन बुलिन हसते. त्या सर्वांच्या मागे उभी राहून त्यांचा तळतळाट घेणारी मेरीसुद्धा हसते. स्पेनची राजकन्या म्हणजे काळेभोर केस असणार या समजुतीने पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या राणीविषयी हरकत घेतली. तथापि कॅथरिनचे केस तांबूस-सोनेरीच होते, आणि उलट काळे केस होते ते अस्सल इंग्रज ॲन बुलिनचे, हे सांगून सांगून माझा घसा बसला. बाजारू बाहुलीतून जी एकमेव गोष्ट इतिहासाला धरून निघाली तिच्यावर कोणाचा विश्वास बसू नये, हा माझ्या छंदाचा योग. ॲनचे केस काळे करण्यासाठी मी स्वतःचा कलप वापरला. तो केसांना लागला तितकाच कपाळाला लागला, आणि राजाला मोह पाडणारी ती रमणी कित्येक दिवस कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसत होती. माझे स्वतःचे केस त्या महिन्यात पांढरेच राहिले. बैठकीतल्या मित्रांनी त्यावर 'फार विचार करतो बिचारा' असा अभिप्राय दिला.

दुसरी अडचण शिंप्याची. ट्यूडर राण्यांचा घागरा हा नुसता शिवायचा नसतो, तो उभारायचा असतो. आत वेताची कडी घालून त्याला वरून अरुंद व खाली रुंद असा घेर द्यावा लागतो, आणि ही फॅशन इंग्लंडात आणली तीच मुळी थोरल्या कॅथरिनने स्पेनहून. हे सगळे मी आमच्या शिंप्याला पुस्तकातील चित्रासह समजावून दिले. त्याने चष्मा कपाळावर चढवून चित्र उलटसुलट पाहिले.

"साहेब, इतका घेर हाय तर ह्या बाया दारातून जात कशा होत्या जी?"

"आडव्या."

"अन् बसत कशा होत्या?"

याचे उत्तर पुस्तकात नव्हते. शिंप्याने मान हलविली, हेन्रीच्या दरबाराविषयी त्याच्या मनात जो काही आदर उरला होता तोही त्या क्षणी गेला असावा, आणि पोळ्याच्या घाईत हे काम होणार नाही असे सांगून त्याने सहाही राण्या एका पिशवीत घालून खुंटीला अडकविल्या. त्या तेथे गौरी-गणपतीपर्यंत लटकल्या. राजवाड्यातून हद्दपार झालेल्या स्त्रियांचे जिणे कसे असते याची मला तेव्हा प्रत्यक्ष कल्पना आली. कारण मी दर दोन दिवसांनी जाऊन त्यांची ख्यालीखुशाली विचारी, आणि शिंपी मला 'राजे, आज नाही' असे म्हणे.

राण्यांचे एक वेळ निभावते, राजाचे निभावेना. आठव्या हेन्रीच्या उतारवयातील चिलखताचा कमरेचा घेर पन्नास इंचांहून अधिक आहे. बाजारातले बाहुले पाहावेत तर एकजात काटकुळे, पैलवान म्हणविणारेही कमरेत मुठीएवढे. अखेर दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतात तो मातीचा वाणी मी कुंभाराकडून उचलला. पोट, गाल, बसण्याची ऐट, सगळे जमले. फक्त हातात तागडी होती. ती काढली तर राजाचा हात कायमचा पुढे पसरलेला राहू लागला. परंतु ज्याने १५३६ पासून चार-पाच वर्षांत इंग्लंडातले एकूण एक मठ जप्त करून त्यांची मालमत्ता खजिन्यात ओढली त्याचा हात पसरलेला असणेच प्रशस्त, असा विचार करून मी तो तसाच ठेवला. वाणीही घेराला कमी पडला तेव्हा अंगरख्याच्या आत घरचा कापूस कोंबला. ज्या वऱ्हाडी कापसासाठी इंग्रज कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ असा अरुंद रूळ टाकला आणि आमच्या गावाला शकुंतला नावाची आगगाडी दिली, तो कापूस अशा रीतीने विनाभाडे इंग्लंडच्या राजाच्या पोटात गेला.

एलिझाबेथच्या गळ्यातील झालरीची कथा याहून करुण आहे. ती चुणीदार, ताठ, ताटाएवढी झालर उभी राहते ती केवळ खळीच्या जोरावर. १५६० नंतरच्या दशकात नेदरलंड्सकडून आलेल्या बायकांनी इंग्रजांना खळ करायला शिकविले तेव्हा कुठे लंडनच्या माना सरळ झाल्या. खळ म्हटल्यावर मला चिंता नव्हती. सौभाग्यवतींच्या सुती पातळांना लागते ती साबुदाण्याची खळ मी दाट करून झालरीला दिली, आणि ती अशी काही ताठली की राणीला स्वतःची पावले दिसेनाशी झाली. रात्रीतून मुंग्या लागल्या. सकाळी कपाट उघडून पाहतो तो स्पेनच्या आरमाराला ज्यांनी १५८८ साली दाद दिली नाही त्या महाराणींच्या गळ्याभोवती लाल मुंग्यांची दुतर्फा वाहतूक चाललेली, आणि झालर अर्धी फस्त! पुन्हा खळ दिली, पुन्हा मुंग्या आल्या; हळद टाकली, तर झालर पिवळी झाली आणि मुंग्या हळदीकुंकवाला आल्यासारख्या अधिक संख्येने आल्या. तेव्हापासून एलिझाबेथ पाण्याने भरलेल्या ताटलीत उलट्या वाटीवर उभी असे. इंग्लंड बेटावर आहे हे लहान मुलांना समजावून देण्यास या व्यवस्थेचा उपयोग होई.

ॲन बुलिनच्या मानेविषयी मात्र मी कोणाला दोष देत नाही. तिचा शिरच्छेद १९ मे १५३६ रोजी झाला, आणि त्यासाठी हेन्रीने कॅले शहराहून तलवारीचा खास वाकबगार मागविला होता. इतिहासाशी प्रामाणिक राहण्याच्या हेतूने मी तिची मान कापून मेणाने अशी जोडली होती की इच्छा झाल्यास शीर वेगळे करता यावे. परंतु यवतमाळच्या मे महिन्यात इच्छेला वाव राहत नाही. पारा पंचेचाळिसाला टेकला की मेण आपण होऊन कॅलेच्या कारागिराचे काम करते. दुपारी कपाटात 'टप्' असा आवाज झाला की सौभाग्यवती पंख्याखालून डोळे न उघडता म्हणत, "गेली तुमची दुसरी." पुढे मी मेण सोडून डिंक वापरला.

आता महालक्ष्म्यांकडे येतो. आमच्याकडे भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात, आणि त्या तीन दिवसांत घरातील प्रत्येक कपाट, प्रत्येक पाट आणि प्रत्येक पुरुष हा आरास या एकाच खात्याकडे वर्ग होतो. शिंप्याच्या खुंटीवरून राण्या त्याच सुमारास अर्धवट कपड्यांत परत आल्या होत्या. ज्या सौभाग्यवतींनी आजवर या राजकुळाकडे ढुंकून पाहिले नव्हते, त्या लोखंडी सांगाड्यावर नुसत्या टाचण्यांच्या जोरावर साडी नेसवून तिला चालती-बोलती करणाऱ्या कलेतील अधिकारी आहेत. त्यांनी एक उसासा टाकला, "आणा इकडे," म्हणाल्या, आणि शिंप्याला जे श्रावण उलटून साधले नव्हते ते एका दुपारी उरकले. खणाचे तुकडे, जरीचे काठ, जुन्या शालूचा पदर. घेर असा उभा राहिला की हेन्रीच्या वस्त्रागाराच्या कारभाऱ्याने मुजरा करावा. फक्त सवयीने त्यांनी सहाही जणींच्या डोक्यावरून पदर घेतला, आणि मी तो काढण्याच्या आत बायका आल्या.

"अवं माय, ह्या कोण्या वं नवीन?"

"ह्यांच्या इंग्लंडच्या राण्या आहेत," सौभाग्यवती म्हणाल्या. 'ह्यांच्या' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला त्याने मी कोपऱ्यात अंग चोरले.

"सहाच्या सहा एकाच घरच्या?"

"एकाच नवऱ्याच्या."

क्षणभर शांतता पसरली, आणि मग आमच्या दिवाणखान्यात असे काही न्यायासन बसले की तसे वेस्टमिन्स्टरात बसले असते तर इंग्लंडचा इतिहास निराळा झाला असता. मला साक्षीसाठी पुढे बोलाविण्यात आले. मी थोरलीपासून आरंभ केला. नवरा सोडचिठ्ठी मागत असताना, दरबारात दुसरी मिरवत असताना, ही त्याचे सदरे स्वतः शिवून देत राहिली, एवढे सांगताच एका मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "आमच्या आत्याबाईनं असंच केलं वं जन्मभर. शेवटाले सदरे घेऊन तो तिकडंच गेला."

जेन सीमोरला मुलगा झाला आणि ती बारा दिवसांत गेली, हे ऐकून कोणीही काही बोलले नाही. बारशाच्या सुमाराला मेलेली बाळंतीण कोणत्या देशाची हे विचारण्याची पद्धत आमच्याकडे नाही. तिच्यापुढे गुपचूप एक ब्लाउजपीस आणि मूठभर गहू आले.

क्लीव्ह्जच्या ॲनच्या वेळी मात्र बैठकीला रंग चढला. हिचे स्थळ तसबिरीवरून पसंत केले होते. होल्बाइन नावाच्या कसबी चित्रकाराने १५३९ साली काढलेली ती तसबीर आज पॅरिसला लूव्हर संग्रहालयात आहे. हेन्रीने ती पाहून होकार दिला आणि मुलगी प्रत्यक्ष पाहताच तोंड फिरविले. फोटो पाहून स्थळ आणि स्थळ पाहून फोटो यांतील तफावतीचा अनुभव नाही असे घर यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत सापडणार नाही. त्यामुळे यापुढची साक्ष मला द्यावी लागलीच नाही, बायकांनीच ती परस्पर पूर्ण केली.

"मंग फोटोवाल्याचं काय झालं?"

"त्याला काही झालं नाही. मध्यस्थाचं मुंडकं उडवलं." लग्न जुळविणाऱ्या क्रॉमवेलचा २८ जुलै १५४० रोजी शिरच्छेद झाला आणि त्याच दिवशी हेन्रीने पुढचे लग्न लावले, हे मी सांगितले, तेव्हा आमच्या आळीत आजवर अनेक सोयरिकी जमविलेल्या एक काकू चहा न घेता उठल्या.

"अन् ह्या पोरीचं?"

"तिने भांडण केलं नाही. राजा म्हणाला, हे लग्न नव्हे. ती म्हणाली, बरं. सही करून दिली आणि त्याबदल्यात रिचमंडचा राजवाडा, हेव्हरची गढी आणि वर्षासन घेतलं. पुढे राजाची लाडकी बहीण म्हणून मानाने राहिली. सहा जणींत सर्वांच्या मागून मेली."

"वाडा तिच्या नावानं केला होता का नुसता तोंडी?"

"कागदोपत्री."

"मंग हेच एक शायनी निघाली," असा निकाल एकमताने झाला, आणि पुढच्या हळदीकुंकवापर्यंत आमच्या आळीत 'क्लीव्ह्जवाली' हे विशेषण पोक्त व्यवहारी स्त्रीला लावले जात होते. कोवळ्या वयात एकोणपन्नाशीच्या राजाला दिलेल्या आणि १५४२ साली कापल्या गेलेल्या मधल्या कॅथरिनविषयी तिच्या काकाला जोड्याने मारावयास हवे होते असे ठरले. माझेही मत फारसे निराळे नाही.

एवढ्यावर भागले असते. पण कुंकवाची वेळ आली. महालक्ष्म्यांपुढे मांडलेल्या मूर्तीला कुंकू न लावता जाणे अशुभ, आणि लावावे तर या सहांत सवाष्ण कोण हा प्रश्न उपस्थित झाला. लग्नच नव्हते असे ठरलेली सवाष्ण की कुमारिका? राजाची बहीण म्हणून गेलेलीला माहेरचे कुंकू की सासरचे? धाकटी कॅथरिन पार हेन्रीच्या मागे उरली म्हणून विधवा म्हणावी, तर तिने वर्षाच्या आत पुन्हा लग्न केले! मी वारसाहक्काच्या तिन्ही कायद्यांचा आधार देऊन मुद्देसूद विवेचन सुरू केले, परंतु सर्वांत वृद्ध आजींनी माझ्याकडे न पाहता, "मुडद्याचं नाव काढू नका, पोरींना लावा," असा निर्णय दिला आणि स्वतःच करंडा घेऊन पुढे झाल्या. थोरलीला लागले. दुसरीच्या कपाळावर त्यांनी अंगठा जरा दाबून टेकविला. डिंकाने मेणापेक्षा अधिक काळ टिकाव धरला होता, हे नमूद केले पाहिजे. पण ॲन बुलिनचे मस्तक मानेवरून निसटले, आराशीच्या पायऱ्यांवरून दोनदा उसळले आणि नैवेद्याच्या आंबिलीत बुडाले.

"मायबाई!"

सर्वत्र हाहाकार झाला असता माझ्या तोंडून, "तिचं तसंच आहे, काळजी करू नका," असे धीराचे शब्द गेले. त्याचा अपेक्षित परिणाम झाला नाही. आंबील पुन्हा करावी लागली. त्या रात्री राजकुळाला देवघराच्या भिंतीपलीकडे कायमची हद्दपारी फर्मावली गेली आणि कपाट माझ्या खोलीत, माझ्या खाटेच्या उशाशी आले.

तेथे त्यांना सुखाने नांदू द्यावे, तर माझे एक जुने सहकारी, सेवानिवृत्त अव्वल कारकून आणि वऱ्हाडच्या इतिहासाचे कट्टर अभिमानी, समाचारास आले. त्यांनी कपाटाचे पुरेसे निरीक्षण केले आणि खुर्चीत बसून, जणू माझ्यावर दोषारोपपत्र वाचावे तशा आवाजात, तारखा सांगण्यास आरंभ केला. एलिझाबेथ गादीवर होती १५५८ ते १६०३. त्याच काळात, १५६४ साली, गोंडवनाची राणी दुर्गावती अकबराच्या फौजेशी लढता लढता रणात पडली. त्याच काळात चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला झुंजविला आणि १५९६ च्या तहात, दुर्दैवाने, आपला वऱ्हाड मोगलांना लिहून दिला. ऐन-इ-अकबरीत आपले हे गाव 'योत-लोहारा' या नावाने परगण्यांच्या यादीत आहे. "म्हणजे या बाई तिकडे झालर घालून बसल्या होत्या तेव्हा तू इथे अकबराला जमाबंदी भरत होतास. आणि तुझ्या कपाटात कोण? त्या!"

मी निरुत्तर झालो, आणि निरुत्तर झालेला संग्राहक खर्चात पडतो. दुर्गावतीला हत्ती हवा. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या पुढे निर्मळ गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिकडे जाणाऱ्या एका ओळखीच्याला मी हत्ती सांगितला, पण माप सांगायचे राहिले. आलेला हत्ती वरच्या फळीवर बसेना, मधल्या फळीवर बसेना. अखेर तळच्या फळीवरील संपूर्ण हेन्रीशाही उठवून त्याला जागा द्यावी लागली. हेन्री आता सोंडेखाली बसला आहे, हात पसरून. चांदबिबी एलिझाबेथच्या शेजारी आली आणि मुंग्या तिच्याकडे वळू नयेत म्हणून तिलाही ताटली मिळाली. जिजाऊंचा जन्म १५९८ चा, आणि तोही आपल्या विदर्भातल्या सिंदखेडराजाचा, हे माझ्या लक्षात आले होते. परंतु मी तोंड उघडण्यापूर्वीच अव्वल कारकून उभे राहिले. "मांसाहेबांचं नाव या कपाटात घ्यायचं नाही. तिथे हात जोडायचे." याविषयी आमच्यात मतभेद नव्हता.

यानंतर जे घडले त्याला शेजारची छोटी कारण झाली. उन्हाळ्याची सुटी, अक्षय्य तृतीयेचा बिनपंचांगी मुहूर्त, आणि तिच्याकडे तंजावरहून आलेला मान डोलावणारा एक बाहुला लग्नाचा. ती पाटावर येऊन बसली, आणि कपाटात बोट करून विचारती झाली, "आजोबा, ह्यांच्यातली बिनलग्नाची कोण आहे?"

मी इतिहासाचा भक्त. खोटे सांगू शकलो नाही.

इंग्लंडच्या पार्लमेंटाने १५५९ साली एलिझाबेथला लग्नाची विनंती केली, १५६३ साली केली, १५६६ साली जवळजवळ हट्ट धरला. स्पेनचा फिलिप, स्वीडनचा एरिक, ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स, फ्रान्सचा आंजूचा ड्यूक, असे एकाहून एक नवरदेव तिने वर्षानुवर्षे आशेवर ठेवून वाटेला लावले. यवतमाळात तेच लग्न उन्हे कलायच्या आत लागले. मंगलाष्टके झाली, अंतरपाट म्हणून माझे उपरणे गेले, पन्हे आणि कैरीची डाळ आमच्याकडून, कारण आम्ही मुलीकडचे. सौभाग्यवतींनी कधी नव्हे त्या उत्साहाने ओटी भरली आणि पाठवणीच्या वेळी खरोखर डोळे टिपले. नवरदेवाला प्रत्येक प्रश्न विचारून पाहिला, तो मान डोलावीतच होता. असा जोडीदार वेळीच मिळता तर महाराणींनीही विचार केला असता, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर राणी परत मागायला गेलो. छोटीने दारातच अडविले. "नवरी अशी लगेच नसते पाठवत. मांडवपरतणी झाली की बघू." तिच्या आईने आतून विहिणीचा निरोप सांगितला की, सुनेच्या गळ्यातली ती झालर काढून टाकली आहे, घरात मुंग्या होतात, बाकी मुलगी शांत आहे, कोणाशी बोलत नाही, आणि येता अधिक महिना कधी आहे, कारण जावयाच्या तेहेतीस अनारशांचे काय करायचे ते आधी ठरलेले बरे. सौभाग्यवतींनी पंचांग काढले आहे, आणि तांदूळ किती भिजवावे लागतील याचा हिशेब मागे हेन्रीकडे पाहून चालला आहे.